माश्यांना थंडीच हवी

२४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. घरी नीट पोचलो. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. दार उघडताच दोन्ही पोरांनी विचारलं, "आत्या कुठाय?" मी म्हटलं, आत्याचं पाऊल प्लास्टरमध्ये आहे आणि डोकं त्याहून कडक. धाकटीला ते लगेच पटलं.

तुझ्याकडे महिनाभर राहिलो ते बरं झालं. इथे लोक विचारतात, तुझी बहीण करते काय? मी सांगायचो, माश्या पाळते. मग ते मध मागायचे. आता मी नीट सांगू शकतो: तिच्या माश्यांना पोळं नाही, राणी नाही, मध नाही. प्रत्येक माशी आपापली एकटी, बोरूच्या नळीत मातीच्या भिंती घालून पिल्लं वाढवते आणि वसंतात फुलाफुलांत लोळून बागेला फळ धरवते. म्हणून बागवाले तिच्या दारात येतात. त्याच नळ्यांच्या पेट्या काढताना ती शिडीवरून पडली. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा गार झालेला असतो.

आता एक गंमत. तू वर पलंगावर होतीस, जिना उतरायची तुला बंदी. तुझे कोश बघायला मी पहिल्यांदा खालच्या खोलीत गेलो आणि अंगावर काटाच आला. भिंतींना ओल, ते जुनं गार करायचं यंत्र धडधडतंय, ट्रेमध्ये कोशच कोश, शेंगदाण्याएवढे. एक उचलून कानाशी धरला. जीव असल्याची काही खूण नाही. म्हटलं, ताईला झेपत नाहीये. ही बाई झोपलेल्या जिवांना बर्फात ठेवून बसलीय. म्हणून त्याच आठवड्यात ते यंत्र बंद केलं आणि आमच्या कंपनीचा एक हीटर तिथे बसवला. नवा कोरा. भिंत सुकली, खोली अशी उबदार झाली की मीच दुपारी तिथे डुलकी काढायचो. तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू "खाली ठीक आहे ना?" विचारायचीस आणि मी "एकदम ठीक" म्हणायचो, ते यासाठी.

मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. तिथेही ऊब आहे, जिना नाही, आणि पोरं आहेत. प्लास्टर निघालं की ये. आणि कायमची ये, असं मी म्हणतोय, हिचंही तेच म्हणणं आहे. आई गेल्यावर त्या दोन खोल्यांत तू एकटी काय राखत बसली आहेस?

तुझा,
धाकटा


३० ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र दुपारी आलं. हीटरपाशी पोचले आणि पुढचं वाचलंच नाही. जिना बसून उतरले, एकेक पायरी, प्लास्टर पुढे आणि मी मागे. दार उघडलं तर तोंडावर भट्टीची झळ आल्यासारखं झालं. हीटरची वायर उपटली आणि ते धूड कुबडीने ढकलत अंगणात काढलं. तो आता पावसात आहे. तिथेच राहील.

तुला वाटलं, थंडी म्हणजे मरण. आपल्यासाठी खरं आहे ते. आपल्याला गारठा लागला की आपण आतून शेकोटी पेटवतो, म्हणून थंडीत भूक लागते. कोशातल्या माशीला स्वतःची शेकोटी नाही. खोली जेवढी गरम, तेवढी ती गरम. खोली गार असली की ती विझत आलेल्या निखाऱ्यासारखी पडून राहते, पोटातली चरबी अगदी जपून जपून खर्च करते. तू खोली तापवलीस आणि झोपेतच तिचा गाडा पळायला लागला. जायचं कुठे नाही, खायला कण नाही, चारी बाजूंनी कोश बंद, आणि आत सरपण जळतंय. उन्हाळ्यात अळी असताना परागाचा एक गोळा खाऊन तिने जे साठवलं तेच तिला वसंतापर्यंत पुरवायचं असतं. ते तू महिन्याभरात जाळलंस. तिथेच डुलक्या काढत.

आणि "पण वाढीला ऊब लागते ना" असं मला लिहू नकोस, कारण तू लिहिणारच आहेस. अळी असताना लागते. तेव्हा ऊब असली की ती भराभर वाढते. तेसुद्धा एका मर्यादेपर्यंत. फार तापलं तर घाईत मोठी होते आणि खुजी राहते. पण आता तिची वाढ संपली होती, धाकट्या. आत पंखांसकट पुरी माशी तयार होती आणि ती फक्त थंडीची वाट बघत होती.

काट्यावर कोश टाकून पाहिले. हलके झालेत. दारापाशी फटीतून वारा येतो तिथले बरे आहेत, हीटरजवळचे हातात घेतले तर रिकाम्या टरफलासारखे लागतात. किती वाचतील मला सांगता येत नाही. ते वसंतातच कळेल, आणि तेव्हा कळून काही उपयोग नसतो.

मागच्या खोलीत पोरांना अभ्यासाला बसव. मी येणार नाही. प्लास्टर निघाल्यावर नाही, आणि कायमची तर मुळीच नाही. मी काय राखत बसले आहे हे मी तुला आत्ताच लिहिलंय.

फोन करू नकोस. फोनवर तू ऐकत नाहीस, मध्येच बोलतोस. लिहायचं असेल तर लिही.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र हिने आधी वाचलं आणि माझ्यापुढे आपटून आत गेली, म्हणजे बघ.

चुकलो. म्हणजे यंत्र न विचारता बंद केलं ते चुकलो. पण तू लिहितेस जणू मी तुझं घर पेटवून आलो. माझं आयुष्य लोकांची घरं गरम करण्यात गेलं. म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या, तान्ह्या बाळांच्या खोल्या. आजवर एकाने तक्रार केली नाही की बाबा रे, तू आम्हाला ऊब का दिलीस. तुझ्या माश्यांनी केली. ठीक आहे, त्यांचं शास्त्र वेगळं. ते मला आधी सांगायला तुझं तोंड काय शिवलं होतं? महिनाभर तुझ्या उशाशी बसलो. तू मला फक्त "खाली ठीक आहे ना" विचारलंस. खाली काय आहे आणि का आहे, हे मला कधी सांगितलंस?

आणि एक सांगतो, राग आला तर येऊ दे. मला त्या कोशांबद्दल वाचताना तूच दिसलीस. दार बंद, आत एकटी, गारठ्यात पडून, जपून जपून जगतेयस. कशासाठी?

तुमच्या बागायतदार संघाचे अध्यक्ष मला तिकडे भेटले होते. भला माणूस वाटला. तुझ्या पायाची चौकशी केली, सफरचंदं दिली. तेही म्हणत होते की ताईंनी आता किती दिवस हे ओढायचं. त्यांच्याशी एकदा शांतपणे बोल. भांडायला म्हणून जाऊ नकोस.

आत्ता दुपार आहे, घरात कुणी नाही, म्हणून एवढं मोकळं लिहिलं. पोरं शाळेतून यायच्या आत हे पाकिटात घालीन.

धाकटा


१२ डिसेंबर

धाकट्या,

पहिली गोष्ट. मला किड्यांच्या रांगेत बसवू नकोस. मी माशी नाही, आणि माशी मी नाही. ती कोशात आहे कारण तिचा ऋतू तसा आहे. मी इथे आहे कारण मला इथे राहायचं आहे. माझ्या खोलीत शेगडी आहे, बाहेर शेजार आहे, पोटाला भरपूर आहे, आणि पाऊल बरं होतंय. मी जपून जगत नाही. विचार कुणालाही.

दुसरी गोष्ट. तो भला माणूस काल आला होता. सोबत आणखी दोघं. खुर्चीवर बसला, पाण्याचा पेला हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बंद करताय म्हणून आम्ही यंदा बाहेरच्या कंपनीकडून मधमाश्यांची खोकी सांगितली. तेवढी खालची खोली वसंताच्या आत मोकळी करून द्या. खतं ठेवायला लागेल."

मी विचारलं, "मी बंद करतेय असं कोण म्हणालं?"

"तुमचा भाऊच म्हणाला."

मी पेला त्याच्या हातातून घेतला आणि मोरीत ठेवला. बोलणं संपलं याची ती खूण होती, पण त्याला कळलं नाही, त्याने दुसरा मागितला.

तू असं म्हणालास का रे? सफरचंदं खाऊन?

मग आज संघाच्या सभेला गेले. कुबडी घेऊन, सगळ्यांदेखत मधल्या वाटेने. लोकांना वाटलं, ही आता रडगाणं गाईल. मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. यंदा शरदात कोश तापले. का तापले ते सांगितलं नाही, घरची गोष्ट आहे. सांगितलं की पुष्कळ माश्या अशक्त असतील, काही बाहेरच पडणार नाहीत, आणि सगळ्या बागांना पुरतील असं वचन मी देऊ शकत नाही. ज्यांना थांबायचं त्यांनी थांबा.

अध्यक्ष हसून म्हणाले, "मग थांबायचं कशाला?"

खोटं बोलले असते तर त्याला उत्तर होतं. "सगळं ठीक आहे" एवढं म्हटलं असतं तर अर्धी सभा माझ्या बाजूने होती. मला ते तोंडातून काढवेना. हात वर गेले आणि माझ्याकडचं काम काढून घ्यायचा ठराव झाला.

नंतर बाहेर नाशपातीवाली आली. तुला आठवते का, उंच, पुरुषी आवाजाची, तुला भिंतीवर चढून हीटरचा भाव विचारत होती ती. म्हणाली, "माझी झाडं थोडी आहेत. मला फार माश्या लागत नाहीत. मेलेल्या सोडून उरतील त्या मला दे." तेवढीच एक.

खोली मी सोडणार नाही. खोली संघाची आहे हे मला माहीत आहे. पण आत यंत्र माझं आहे, कोश माझे आहेत, आणि वर राहणारी बाई जिवंत आहे.

आता तिसरी गोष्ट. तू कामाच्या दिवशी दुपारी घरात बसून पत्र लिहितोस. महिनाभर माझ्याकडे राहिलास, एकदाही कंपनीतून फोन आला नाही. त्या हीटरला पावती नव्हती, खोकंही नव्हतं. धाकट्या, तू कामावर जातोस ना?

ताई


३ जानेवारी

ताई,

नाही जात.

तू पडलीस त्याच्या आधीच कंपनीने आमचं खातं बंद केलं. हिला माहीत आहे, पोरांना नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, वाचनालयात बसतो, पोरं शाळेत गेली की घरी येतो. तुझा फोन आला, पाय मोडला म्हणून, तेव्हा मला, देवा, किती बरं वाटलं. लाज वाटते लिहायला. कुठेतरी माझी गरज आहे असं वाटलं. हीटर गोदामात उरलेला होता, काम सुटताना साहेबाने दिला, तोच तुझ्याकडे येताना आणला. तो बसवताना स्क्रू आवळत होतो आणि वाटलं, चला, अजून हात चालतात.

अध्यक्षांना मी "ती बंद करणार" असं म्हटलं नव्हतं. "मी तिला घेऊन जाणार आहे" असं म्हटलं होतं. आता लिहिताना दोन्हींत फार फरक दिसत नाही.

तू सभेत खरं बोललीस. मी घरात सुद्धा बोलू शकत नाही. ही म्हणते, पोरांना सांग, ती मरत नाहीत. आज रात्रीच्या जेवणाला सांगणार आहे.

मला कामाला बोलावू नकोस. दया म्हणून बोलावलंस तर येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आपण दोघं एकाच आईची पोरं आहोत.

धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर दिलं नाही, कारण कागद घेतला की डोळे भरून यायचे आणि मला ते चालत नाही.

आता घाई आहे. फेब्रुवारीत कधी नव्हे ते ऊन पडलंय, लोक स्वेटर काढून फिरतायत, सगळे खूश आहेत. मी सोडून. आणि काल खालची वीज गेली. फक्त खालची. संघात विचारायला गेले तर म्हणे वायरिंगची तपासणी. मी खोली सोडली नाही म्हणून त्यांनी वीज तोडली. आत आत्ताच शरदासारखी ऊब आहे. वाचलेले कोशही असेच जळत राहिले तर फुलं यायच्या आत आतल्या आत संपतील, नाहीतर फुलं नसतानाच बाहेर पडतील आणि उपाशी मरतील.

नाशपातीवालीचं पंपघर आहे, ओढ्याकाठी, अर्धं जमिनीत. तिथे वीज आहे. यंत्र तिथे हलवायला हवं आणि ते इथल्या भिंतीत पक्कं बसवलेलं आहे. इथल्या मेकॅनिकला विचारलं, तो अध्यक्षांचा भाचा निघाला.

दया नाही. मला गार करणारा माणूस हवाय. गरम करणाऱ्याला गार करता येतं असं तूच एकदा जेवताना म्हणाला होतास, उलट्या बाजूने तेच काम. हत्यारं घेऊन ये. लगेच ये.

ताई


२५ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पोचलो. पोरांना बोटांची सालं निघालेली दाखवली आणि मोठेपणा मिरवला.

इकडे आल्यावर सगळ्यांना एकच गोष्ट सांगतोय, तीच तुलाही सांगतो, तू तिथेच होतीस तरी. कारण तू स्वतःला बघितलं नाहीस. मी भिंतीत अर्धा शिरून यंत्राचे बोल्ट सोडवत होतो, नाशपातीवाली खालून टेकू देत होती, आणि दारात अध्यक्षांचा आवाज आला. "ते यंत्र संघाच्या भिंतीत बसवलंय. काढता येणार नाही." मला वाटलं, झालं, आता पोलीस. तू कुबडी आडवी धरून दारात उभी होतीस. म्हणालीस, "भिंत ठेवा. यंत्र माझं."

"भिंतीला भोक पडेल."

"पडेल. माझ्यासाठी केलं होतं, माझ्याबरोबर जाईल."

"भोक कसं जाईल?"

"मग तुमच्याकडे राहील," म्हणालीस तू. मला एवढं हसू आलं की पाना पायावर पडला. ते गेले. मला वाटलं होतं, हा माणूस ओरडेल, पण ते बावचळून गेले. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं, तुला देता येत नाही. माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

मग यंत्र घेऊन पंपघराकडे जाताना ट्रकच्या मागे आपण दोघं कोशांच्या ट्रेवर ओल्या चादरी धरून बसलो होतो, तेव्हा तू मला पहिल्यांदा एक कोश कापून दाखवलास. मेलेला होता म्हणून. आत काळी-निळी माशी, पंख घडी घातलेले, पाय छातीशी. पोट चपटं. तेव्हा माझ्यावर ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी त्यानंतर पंपघराच्या भिंतीला पेंढा आणि जुन्या गोधड्या लावत होतो ना, तेव्हा प्रत्येक फट बुजवताना तेच पोट दिसत होतं.

आता काळजीचं. तूच सांगितलंस, गारठ्यातसुद्धा चरबी थोडी थोडी जळतच असते. म्हणजे तू दार बंद ठेवलेला प्रत्येक दिवस त्यांच्या पोटातून जातो. इथे बातम्यांत सांगतायत की तुमच्याकडे पुन्हा थंडी आणि पाऊस आहे. नाशपातीच्या कळ्या अडकल्या असतील. किती दिवस अडवणार आहेस? मी विचारतोय, सांगत नाही. फरक बघ.

माझं म्हणशील तर बॉयलरच्या एका कंपनीत गेलो होतो. त्यांनी वय विचारलं आणि चहा पाजला. आता गल्लीतले फ्रिज दुरुस्त करतोय. पोरांनी पुठ्ठ्यावर पाटी रंगवलीय. वाचनालयात जात नाही.

तुझा,
धाकटा


२० एप्रिल

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू विचारलंस, सांगितलं नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रोज सकाळी पंपघराच्या कडीवर हात ठेवून उभी राहत होते आणि कडी न काढता परत येत होते. पाऊस थांबेना. नाशपातीच्या कळ्या मुठी आवळून बसलेल्या. नाशपातीवाली म्हणायची, "अजून नाही." कोश तोलले तर रोज थोडे हलके. कुठल्याही पुस्तकात उत्तर नव्हतं. कळ्या उघडायची वाट बघावी तर आत चरबी संपते, सोडावं तर बाहेर फुलं नाहीत. शेवटी एका सकाळी मी झाडांखाली वाकून बघितलं. गवतात रानफुलं उघडली होती, पिवळी, कुणी ढुंकून बघत नाही अशी. म्हटलं, यांच्यावर काही दिवस निघतील. नाशपातीवाली नको म्हणत होती. तिच्या डोळ्यांदेखत ट्रे बाहेर काढले, नळ्यांच्या पेट्यांखाली ठेवले आणि वरून पत्रा टाकला. दोनदा पत्रा उचलून आत बघितलं. हे तुलाच सांगते.

हीटरजवळच्या ट्रेमधलं काही वाचलं नाही. काही कोश उघडलेच नाहीत. काहींनी कोश कुरतडला, डोकं बाहेर काढलं आणि तिथेच संपल्या. त्या दिवशी मी नाशपातीवालीशी बोलले नाही. तुझ्याशीही बोलले नसते. तुला हे लिहायचं नव्हतं, पण "एकदम ठीक" असं आपल्या घरात आता कुणी म्हणायचं नाही.

बाकीच्या निघाल्या. आधी नर, पांढऱ्या मिशांचे, उगाच घिरट्या घालत. मग माद्या. लहान आहेत, थकलेल्या दिसतात, पण निघाल्या. आणि गेल्या आठवड्यात नाशपाती फुलली. आकाश शिशासारखं, बोटं गारठतील असा वारा, आणि त्या कामाला लागल्या. एवढ्या गारठ्यात उडणाऱ्या माश्या फार थोड्या. संघाने आणलेली मधमाश्यांची खोकी सफरचंदाच्या बागेत रांगेने मांडली आहेत, आणि दारात एक माशी दिसेल तर शपथ. दोष त्यांचा नाही. गारवा असला की त्या आत गोळा होऊन एकमेकींना ऊब देत बसतात आणि मध जाळतात. त्यांना बाहेर पडायला ऊन लागतं. ऊन ठरावाने आणता येत नाही.

काल दुपारी मी आणि नाशपातीवाली तिच्या बागेच्या टोकाला बसलो होतो. तिकडे गुडघाभर उंचीची दगडी भिंत आहे आणि पलीकडे अध्यक्षांची सफरचंदं. तीही फुललेली. पलीकडून अध्यक्ष चालत आले. भिंतीपाशी थांबले. वर फांद्यांकडे बघत म्हणाले, "ताई, तुमच्या माश्या माझ्या झाडांवर आहेत."

"दिसतंय," मी म्हटलं.

"तुमच्याकडचं काम तर आपण काढून घेतलं होतं."

"त्यांना कळवलं नाहीत का?"

नाशपातीवाली तोंडावर पदर धरून दुसरीकडे वळली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांच्या मनात खरंच काहीतरी चाललं होतं. खोक्यांच्या रांगेकडे बघितलं, मग पुन्हा झाडाकडे. "खालची खोली," म्हणाले, "मी सभेत पुन्हा मांडू शकतो. वीजही."

"मांडा. मला वाटलं तर येईन. पंपघर गार आहे."

"मग आता या माश्यांचं काय करायचं?"

तुला सांगते, धाकट्या, त्यांनी पैशाचं विचारलं असतं, माफी मागितली असती, तर मी काय बोलले असते कोण जाणे. माझ्या निम्म्याहून जास्त माश्या गेल्यात. ज्या उरल्यात त्या यंदा जेवढ्या नळ्या भरतील त्यावर माझं पुढचं वर्ष उभं आहे. अध्यक्षांच्या फुलांवर त्या गेल्या तर अळ्यांना परागाचे गोळे मोठे मिळतील, हे मला त्यांच्याहून चांगलं कळत होतं. पण ते बोलून दाखवायची माझी तयारी नव्हती.

"नको असतील तर हाकला," मी म्हटलं.

ते हात उचलून दोन पावलं पुढे गेले. समोरच्या फांदीवर एक माशी फुलात डोकं खुपसून गोल फिरत होती, पोट परागाने पिवळं झालेलं. ते तिथेच थांबले. मग हात अगदी सावकाश खाली घेतला, फांदी हलू नये म्हणून.

तुझी,
ताई